दोन, चार, आठ... आणि मग?

मैत्रिणींनो, या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक दोन तऱ्हेची असतात. मूल अभ्यासाला बसत नाही, ही एक तक्रार. आणि बसतं, पण डोक्यात काही शिरत नाही, ही दुसरी. या खेपेला मात्र एक निराळं पत्र आलं. लिहिणाऱ्या भगिनीची मुलगी सहावीत आहे. वर्गात संख्यांच्या क्रमावर चाचणी झाली. त्यात एक प्रश्न होता: २, ४, ८, पुढची संख्या लिहा. मुलीनं १४ लिहिले. बाईंनी लाल फुली मारून शेजारी १६ लिहिले. संध्याकाळी वडिलांनी वही पाहिली आणि ‘एवढं साधं येत नाही?’ म्हणून मोकळे झाले. मुलगी रडली नाही की भांडली नाही. रात्री आईजवळ येऊन म्हणाली, ‘मी आधी दोन मिळवले, मग चार मिळवले, म्हणून पुढे सहा मिळवले. यात चुकलं काय?’

आई लिहिते, ‘माझं गणित पहिल्यापासून कच्चं. मला काही सांगता आलं नाही. तेव्हापासून गणिताची वही दप्तराच्या तळाशी गेली आहे. बाहेर काढ म्हटलं की, मला नाही येत ते, तुलाही येत नव्हतंच ना, असं म्हणते. तुम्हीच सांगा, माझी मुलगी चुकली का?’

उत्तर आधीच सांगून टाकते. नाही, चुकली नाही. बाईंनी धरलेला नियम ‘दर वेळी दुप्पट’ हा होता, त्यानं १६ येतात. मुलीनं धरलेला नियम ‘मिळवायची संख्या दर वेळी दोनानं वाढते’ हा होता, त्यानं १४ येतात. दिलेल्या तिन्ही संख्यांना दोन्ही नियम चपखल बसतात. कमी पडला तो प्रश्न! तीन संख्यांवरून नियम एकच निघेल अशी खात्री देता येत नाही. चौथी संख्या छापली असती तर वादच उरला नसता. बाईंनाही फार दोष देऊ नये. पन्नास वह्या तपासताना हात उत्तराच्या यादीप्रमाणे चालतो. पण मुलीनं जे केलं ते गणितच होतं, आणि चांगलं गणित होतं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

ते सांगायला आईचं गणित फार पक्कं लागत नाही. म्हणून आज संख्यांच्या क्रमाविषयी थोडं बोलू या. पुस्तकात याला ‘क्रमिका’ म्हणतात आणि तिच्यातल्या प्रत्येक संख्येला ‘पद’. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत हीच ‘संख्यामालिका’ म्हणून येते, आणि दहावीला ‘अंकगणिती श्रेढी’ म्हणून पुन्हा भेटते. म्हणजे आज वही तळाला गेली, तर ती दहावीपर्यंत छळणार!

पहिली गोष्ट ही, की मुलाला ‘पुढची संख्या कोणती?’ असं विचारू नका. ‘नियम काय?’ असं विचारा. संख्या अंदाजानंही येते, शेजारच्या वहीतूनही येते, आणि आता मोबाईलवरही येते. नियम मात्र स्वतःच्या तोंडानं सांगावा लागतो. ‘प्रत्येक वेळी तीन मिळवायचे’, ‘आधीच्याची निम्मी करायची’ असं साध्या बोलीत सांगितलं तरी पुरे. सांगून झालं की दुसरा प्रश्न: ‘हा नियम सगळ्या संख्यांना लागू पडतो का, बघ बरं.’ मुलं पहिल्या दोन संख्या पाहून नियम ठरवतात आणि पुढच्यांकडे बघतच नाहीत. निम्म्या चुका तिथेच होतात.

आता नियम शोधायचा कसा? संख्यांच्या खाली फरकांची एक ओळ लिहायची सवय लावा. ३, ७, ११, १५ यांच्या खाली ४, ४, ४ येतात. फरक सारखा, काम संपलं. २, ५, १०, १७, २६ यांच्या खाली ३, ५, ७, ९ येतात. फरक सारखे नाहीत, पण त्यांचीच एक ओळखीची ओळ झाली. पुढचा फरक ११, म्हणून पुढची संख्या ३७. फरक भराभर फुगत चालले तर दुप्पट, तिप्पट असा गुणाकार आहे का ते पाहायचं. आणि संख्या एकदा वर, एकदा खाली अशा उड्या मारत असतील, उदाहरणार्थ ३, १०, ६, २०, ९, ३०, तर दोन रंगांची लोकर एकाआड एक विणलेली आहे असं समजा. एक रंग ३, ६, ९. दुसरा १०, २०, ३०. धागे सुटे केले की दोन्ही सोपे.

आणि फरकांची ओळ बघून लगेच निर्धास्त होऊ नये, यासाठी एक गंमत मुलांबरोबर करून बघा. कागदावर ताट उपडं ठेवून वर्तुळ काढा. त्याच्या कडेवर एकच ठिपका दिला तर जोडायला दुसरा नाही, म्हणून वर्तुळाचा भाग एकच. दोन ठिपके देऊन जोडले की भाग दोन. तीन ठिपके एकमेकांशी जोडले की चार. चार ठिपक्यांचे आठ, पाचांचे सोळा. आता सहा ठिपके द्या. ते सारख्या अंतरावर देऊ नका, म्हणजे आत एकाच बिंदूत तीन रेघा एकमेकींना छेदणार नाहीत. सगळे ठिपके एकमेकांशी जोडा आणि भाग मोजा. ३२ म्हणालात ना? मोजून बघा. ३१ येतात! पाच संख्यांपर्यंत ‘दुप्पट’ हा नियम छान चालला आणि सहाव्याला मोडला. शहाण्यासुरत्या माणसालाही संख्या अशी चकवते. मग तीन संख्यांवरून एखाद्या पोरीला ‘साधं येत नाही’ म्हणणं कितपत बरं?

आता दुसरी गोष्ट. नियम दोन तऱ्हांनी सांगता येतो. एक ‘शेजारणीचा’: आधीच्या संख्येवरून पुढची काढायची. दुसरा ‘जागेचा’: कितवी जागा ते सांगा, तिथली संख्या थेट काढायची. मुलांना शेजारणीचा नियम लवकर कळतो. पण ५, ८, ११, १४ या क्रमातली शंभरावी संख्या विचारली की शेजारणी-शेजारणींना विचारत जाण्यात दुपार जाईल. जागेच्या नियमानं ती एका ओळीत येते. सुरुवात ५ ची, प्रत्येक पावलाला ३. पहिल्या जागेपासून शंभराव्या जागेपर्यंत पावलं ९९. नव्व्याण्णव त्रिक २९७, त्यात ५ मिळवले की ३०२.

पावलं शंभर का नाहीत, नव्व्याण्णव का, इथे बहुतेक मुलं अडखळतात. शाळेत मी हे फळ्यावर समजावते तेव्हा माना डोलतात आणि वहीत पुन्हा शंभर येतात. घरी मात्र तुमच्याजवळ उत्तम साधन आहे. दोरीवर सहा चिमटे लावा आणि मधल्या मोकळ्या जागा मोजायला सांगा. पाच भरतात. ब्लाउजच्या हुकांचंही तेच. चिमटे म्हणजे पदं आणि मोकळ्या जागा म्हणजे पावलं. एकदा हातानं मोजलं की मूल ते विसरत नाही.

खरं म्हणजे आपण बायका हे सगळं रोज करतो, फक्त त्याला गणित म्हणत नाही. स्वेटरची बाही मनगटाकडून विणायला घेतली, ४० टाके घातले, आणि दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवला. ४०, ४२, ४४... ६० टाके व्हायला किती ओळी लागतील, हे तुम्ही बोटांवर सांगता. वीस टाके वाढवायचे, दर खेपेला दोन, म्हणजे दहा खेपा, म्हणजे साठ ओळी. ही जागेच्या नियमाची उलटी बाजू झाली, आणि दहावीच्या पेपरात यालाच मार्क असतात.

ठिपक्यांची रांगोळी घ्या. ‘सात ते एक’ म्हटलं की आपण मधल्या ओळीत सात ठिपके देतो आणि वर-खाली पाच, तीन, एक असे उतरत जातो. ठिपके एकंदर किती? मुलाला मोजू द्या: पंचवीस. आता ‘पंधरा ते एक’चे किती ते न मोजता सांगायचं आहे. त्यासाठी मूठभर चिंचोके घेऊन बसा. एक चिंचोका कोपऱ्यात ठेवा. त्याच्या दोन बाजूंना आणि कोनाला मिळून तीन ठेवा. दोन बाय दोनचा चौकोन झाला. त्याच्याभोवती त्याच दोन बाजूंनी पाच ठेवा; तीन बाय तीनचा झाला. पुढे सात ठेवले की चार बाय चारचा. म्हणजे १, ३, ५, ७ असे विषम आकडे एकापुढे एक मिळवत गेलं की १, ४, ९, १६ असे वर्ग तयार होतात. पाठ करायची गरज नाही, डोळ्यांपुढे दिसतंच आहे. ‘सात ते एक’मध्ये एकापासून सातपर्यंतचे १६ आणि उरलेल्या बाजूचे पाच, तीन, एक मिळून ९, झाले पंचवीस. ‘पंधरा ते एक’मध्ये एकापासून पंधरापर्यंत आठ ओळी, म्हणून आठी आठी ६४; उरलेल्या सात ओळींचे साती साती ४९; एकूण ११३. पाडव्याला रांगोळी काढताना लेकीला हे सांगा आणि खरंच ११३ भरतात का ते तिलाच मोजू द्या.

श्रेढी हा काही परदेशातून आलेला विषय नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली, तिच्यात ‘श्रेढीव्यवहार’ नावाचं प्रकरणच आहे. चाळीसगावजवळच्या पाटण गावी त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केल्याचा उल्लेख त्यात आहे. ‘लीलावती’तली कित्येक उदाहरणं लीलावती नावाच्या मुलीला उद्देशून घातलेली आहेत. ती त्यांची लेक होती अशी आख्यायिका आहे. आख्यायिका असो, पण साडेआठशे वर्षांपूर्वी गणिताचा ग्रंथ एका मुलीशी बोलतो आहे, हे आपल्या मुलींना आवर्जून सांगावं असंच आहे.

त्या प्रकरणात एक उदाहरण आहे. एका दात्यानं पहिल्या दिवशी चार द्रम्म दान दिले आणि मग रोज पाचानं वाढवत गेला. पंधरवड्यात एकूण किती दिले? पहिल्या पदाला तिथे ‘मुख’ म्हणतात, वाढीला ‘चय’ आणि पदांच्या संख्येला ‘गच्छ’. रीत अशी: गच्छातून एक वजा करा (आपले चिमटे आणि मोकळ्या जागा!), चयानं गुणा आणि मुख मिळवा. चौदा पंचे सत्तर आणि चार, चौऱ्याहत्तर. हे शेवटच्या दिवसाचं दान, म्हणजे ‘अंत्यधन’. पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचं मिळून ७८, त्याचं निम्मं ३९, हे ‘मध्यधन’. दुसरा आणि शेवटून दुसरा दिवस घेतला तरी ९ आणि ६९ मिळून ७८च होतात, म्हणून सरासरी प्रत्येक दिवसाला ३९ धरायला हरकत नाही. पंधरा दिवसांचे ५८५ द्रम्म.

हीच रीत घरखर्चाच्या डब्याला लावा. पहिल्या आठवड्यात १० रुपये बाजूला टाकले, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ३०, असं वर्षभर ५२ आठवडे केलं, तर वर्षाअखेर किती साठतील? शेवटच्या आठवड्याला ५२० टाकावे लागतील. १० आणि ५२० मिळून ५३०, निम्मे २६५. बावन्न वेळा २६५ म्हणजे १३,७८० रुपये. आणि शेवटचे महिने जड जातील हेही हिशोबच आधी सांगतो, म्हणून वाटलं तर क्रम उलटा करा: ५२० पासून सुरू करून उतरत या. बेरीज तीच.

आता ज्या भगिनीचं पत्र आलं, त्यांच्याशी दोन शब्द. वही दप्तरातून तुम्हीच काढा, पण लगेच अभ्यासाला बसवू नका. लेकीला म्हणा, ‘तुझा नियम मला नीट सांग, मी लिहून घेते.’ तिच्याच शब्दांत तो १४च्या खाली लिहा: आधी दोन मिळवले, मग चार, मग सहा. त्याखाली बाईंचा नियम लिहा: दर वेळी दुप्पट. मग दोघी मिळून दोन्ही क्रम पुढे न्या. तिचा २, ४, ८, १४, २२ असा जाईल आणि बाईंचा २, ४, ८, १६, ३२ असा. कुठे वाटा फुटल्या ते तिलाच दिसेल. मग वही घेऊन तिनं स्वतः बाईंना दाखवावी. भांडायला जायचं नाही, मार्क मागायला तर नाहीच नाही. ‘बाई, मी असा विचार केला होता,’ एवढंच म्हणायचं. वर्ग घेणारीला असं पोर भेटलं की तो दिवस चांगला जातो, हे मी खात्रीनं सांगते.

परीक्षेतली व्यवहाराची बाजूही तिला सांगा. पेपरात चार-पाच संख्या आणि खाली पर्याय दिलेले असतात. आपल्या नियमाचं उत्तर पर्यायांत नसेल तर रागवायचं नाही, दुसरा नियम शोधायचा. आणि दोन नियम बसत असतील तर त्यातला साधा तो परीक्षकाच्या मनातला, असं धरून चालायचं. हा शहाणपणा आहे, हार नव्हे.

वडिलांनाही सांगा, पण लेकीसमोर नको. आणि स्वतःसाठी एक पथ्य पाळा. ‘माझं गणित कच्चं’ हे वाक्य घरात पुन्हा उच्चारू नका. आपण ते सहज, विनयानं म्हणतो. पण मुली ते वारसा म्हणून उचलतात. तुमच्या पत्रातच पाहा, ‘तुलाही येत नव्हतंच ना’ हे ती कुठून शिकली? बाहीचे टाके आणि महिन्याचा किराणा ज्यांना जमतो, त्यांना गणित येतं. फार तर त्या गणिताची नावं माहीत नसतील.

जाता जाता तिच्यासाठी एक खेळ. आपल्या देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५ ते १९८६) यांना संख्यांचा भारी नाद. १९४९ साली त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट शोधली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमानं लिहा, मग चढत्या क्रमानं लिहा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. समजा ४८३१ घेतली. ८४३१ वजा १३४८ म्हणजे ७०८३. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर पुन्हा केलं तर ७६४१ वजा १४६७, परत ६१७४च! कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात खेपांत ती ६१७४ ला येऊन थांबते. हाही शेजारणीचाच नियम: आधीच्या संख्येवरून पुढची. दुपारी कागद-पेन्सिल देऊन मुलांना बसवा, वजाबाकीचा सराव न सांगता होतो.

आता या आठवड्याचा गृहपाठ. मुलांबरोबर तुम्हीही सोडवा, आणि उत्तराखाली नियम शब्दांत लिहा.

१) ४, ९, १४, १९... यातली एकविसावी संख्या कोणती?
२) १, ३, ६, १०, १५, पुढे काय?
३) ८१, २७, ९, ३, पुढे काय?
४) १, २, ३, ५, ८, पुढे काय?

उत्तरं: १) १०४. वीस पावलं, प्रत्येकी पाच, अधिक चार. २) २१. फरक २, ३, ४, ५ आणि मग ६. ताटात लाडू एक, दोन, तीन अशा ओळींनी त्रिकोणात मांडून बघा. ३) १. दर वेळी तिसरा हिस्सा. ४) १३. आधीच्या दोघींची बेरीज. पायऱ्या एकेक किंवा दोनदोन करून चढायच्या असतील तर एक, दोन, तीन, चार, पाच पायऱ्या किती तऱ्हांनी चढता येतील, ते याच संख्या सांगतात. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी लघु-गुरूंच्या रचना मोजताना हाच नियम दिला होता.

तुमच्या मुलानं यांतल्या एखाद्याचं निराळं उत्तर काढलं आणि त्याचा नियम सगळ्या संख्यांना बसत असेल, तर खोडू नका. मला पत्रानं कळवा.